तिसऱ्या प्रुफाच्या चुका

पुराणिककाकांचा मला पहिल्या दिवशी असा राग आला होता की विचारू नका. मी वर्ध्याची. सिस्टर म्हणून पुण्यात आले आणि चार वर्षांनी सातारा रस्त्यावरच्या एका खाजगी हॉस्पिटलात आया, वॉर्डबॉय यांना शिकवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. साल दोन हजार तीन. शिकवायच्या पुस्तिका कुण्या कॉम्प्युटर कंपनीने इंग्रजीवरून मराठीत करून दिलेल्या, आणि त्यात इतक्या चुका की बाप्पा! 'हाथ धुवावे' काय, 'निर्जंतूक' काय. मग कुणीतरी श्यामसुंदर पुराणिकांचा पत्ता दिला. सारा जन्म छापखान्यात प्रुफं तपासण्यात गेलेला माणूस. छापखाना बंद पडला तेव्हा घरी बसले.

बिबवेवाडीत पहिल्या मजल्यावर दोन खोल्या. दार अर्धंच उघडलं. "मी हॉस्पिटलमधून येऊन राहिले..." एवढंच मी म्हणाले, तर काका म्हणतात, "राहणार कुठे? इथे जागा नाही. प्रूफ ठेवा आणि निघा."

पण निघू दिलं नाही. प्रूफ एकट्याने वाचायचं नसतं, हा त्यांचा नियम. एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा, स्वल्पविराम-पूर्णविरामासकट, आणि दुसऱ्याने छापील कागदावर नजर ठेवायची. घरी आणलेली प्रुफं वाचून दाखवायचं काम त्यांची बहीण करायची, चंपाताई. दोघांनीही लग्न केलं नाही. ताई दोन वर्षांपूर्वी गेल्या. तेव्हापासून काकांकडे वाचणारं कोणी नव्हतं. मला खुर्ची दाखवून म्हणाले, "बसा. वाचा. आणि पाणी म्हणा, पानी नको."

झालं. दर गुरुवारी ड्यूटी संपली की मी बिबवेवाडीत. "रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलावी, पूर्णविराम." मध्ये चहा, तो काकाच करायचे. साखर नावाला. "जास्त हवी असेल तर घरून आणत चला." त्या घरात माझ्याशिवाय कुणी येत नाही, हे कळायला मला महिनाही लागला नाही. मी निघाले की जिन्यापर्यंत यायचे आणि दर वेळी तेच विचारायचे, "पुढचं प्रूफ कधी आणताय?"

एकेक पुस्तिका तीन-तीन वेळा तपासायचे. काय चिकट माणूस, असं मला वाटायचं. पण खरं सांगू? माझ्या खोलीवर तरी माझी वाट कोण पाहत होतं? पुण्यात चार वर्षं झाली होती आणि 'जेवलीस का' असं विचारणारं एक माणूस मी जोडलं नव्हतं.

मग हॉस्पिटलच्या तपासणीला बाहेरचे लोक येणार असं ठरलं. मोठ्या साहेबांनी तिसऱ्या प्रुफाची वाट न पाहता एक पुस्तिका छापून घेतली. दोनदा तपासलंय ना, मग बस. पुस्तिका आली तर मुखपृष्ठावरच 'रुग्णशुश्रुषा', 'श्रू' दीर्घ हवा तिथे ऱ्हस्व. आत आणखी दहा चुका. साहेब भर मीटिंगमध्ये म्हणाले, "सिस्टर, तुमच्या वर्ध्याकडे असंच लिहितात वाटतं." सगळे हसले. मला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं.

तशीच तणतणत गेले आणि पुस्तिका काकांच्या टेबलावर आपटली. "काका, ही तुमची नजर?"

त्यांनी उठून कपाटातून एक वही काढून समोर ठेवली. सापडलेल्या चुका पानवार लिहून ठेवायची त्यांची छापखान्यातली सवय. पहिलं प्रूफ, दुसरं प्रूफ, आणि खाली स्वच्छ अक्षरात 'तिसऱ्या प्रुफासाठी'. त्याखाली त्याच अकरा चुका लिहिलेल्या होत्या. माहीत असून सोडलेल्या!

"औषधाची सोडली नाही, आकड्याची सोडली नाही," ते म्हणाले. "फक्त ऱ्हस्व-दीर्घाच्या ठेवल्या. तिसऱ्या वेळी काढणारच होतो."

"पण कशासाठी?"

"एकाच प्रुफात काम उरकलं असतं, तर आपण एकदाच आला असता."

मला दया यायला हवी होती. नाही आली. "तुमच्यापायी माझं हसं झालं," म्हणाले आणि चालती झाले.

पुढची पुस्तिका मी शिपायाबरोबर पाठवली, दशरथबरोबर. दुसऱ्याच दिवशी ती तपासून परत आली. मी मुद्दाम शोधलं, पण एक चूक शिल्लक नव्हती. "काय म्हणाले?" मी दशरथला विचारलं. "वाचाया बसता का म्हनले. मी म्हनलं, मला टाइम नाय."

त्यानंतर शिकवणं सगळं कॉम्प्युटरवर आलं आणि पुस्तिका बंदच झाल्या. गुरुवार आला की पाय बिबवेवाडीकडे वळायचे, मग मीच मला दटावायची. काम नसताना कुणाच्या दारात कसं जायचं? आणि 'कशाला आलात?' म्हणाले तर? त्या तोंडाचा काय भरवसा! राग कधीच ओसरला होता. आता नुसतं वाईट वाटायचं, आणि ते सांगायलाही काकांशिवाय दुसरं कोणी नव्हतं.

तीन महिन्यांनी हॉस्पिटलच्या फोनवर मला बोलावणं आलं.

"पुराणिक बोलतोय. त्या शेवटच्या पुस्तिकेत पान नऊवर एक चूक राहिली आहे. फोनवर सांगण्यासारखी नाही. प्रत्यक्ष दाखवावी लागेल."

"थांबा काका," म्हणाले आणि कपाटातून पुस्तिका काढली. पान नऊ वाचलं. पुन्हा वाचलं, बोट ठेवून, एकेक वेलांटी पाहत. पान बिनचूक होतं. छापल्या अक्षराबद्दल हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलत होता, आणि ते त्याला जमतही नव्हतं.

"सापडली का?" त्यांनी हळूच विचारलं.

"सापडली, काका," मी म्हणाले. "चांगली मोठी आहे. आजच येते."