गजाकाकांचा राखलेला घास

दुपारची वेळ. कुकरची एक शिट्टी झाली आहे आणि दुसरीची वाट बघत रेवती फ्रिजला टेकून उभ्याउभ्याच पेंगते आहे. बसली तर झोप लागेल, म्हणून ती बसत नाही. खरं तर गेल्या वैशाखापासून ती धड बसलेलीच नाही. सोळा वर्षांच्या ऋजुताचं जेवण कमी होत होत पार पक्ष्यासारखं झालं. डॉक्टर म्हणाले, हा हट्ट नाही, खाण्याचा आजार आहे. तेव्हापासून ही बाई हातात डाव घेऊन लेकीच्या डोक्यावर उभी! आता वजन आणखी उतरलं, तर दवाखान्यात दाखल करावं लागणार आहे.

दुसरी शिट्टी होते. पण ही शिट्टी कुठली, ही तर सनई!

"रेवते, सर बाजूला! पंगत बसतेय!"

फ्रिजचं दार उघडून, हातात वाढायची बादली घेऊन गजाकाका बाहेर येतात. रेवतीचे सख्खे काका, दोन वर्षांपूर्वी वारलेले. वाईतल्या कुठल्याही लग्नघरी वाढायला यांच्यासारखा गडी नव्हता. ते जिलबी घेऊन आले, की पोट भरलेला पाहुणा पानावर हात आडवा धरायलाही विसरायचा.

"काका! तुम्ही? इथे?"

"असतील शितं तर जमतील भुतं! साखरभाताचा वास आला, आलो."

रेवतीला इतका आनंद होतो, की ती लहान पोरीसारखी टाळ्या पिटते. "बरं झालं आलात! मला तुमचा आग्रह शिकवा. ऋजू माझ्या हातचं खात नाही हो. तुम्ही तर दगडालाही जिलबी चारली असती."

"चल मग, बघत काय बसलीस!"

काका पुढे, रेवती मागे. स्वयंपाकघराच्या फरशा कृष्णेच्या घाटाच्या पायऱ्या होतात, आणि पायऱ्यांवर लांबच लांब पंगत. सगळी पानं रिकामी झाली आहेत. टोकाला एकटी ऋजुता बसली आहे, भरल्या पानासमोर. तिच्याभोवती बायकांचा गराडा. सगळ्यांच्या हातात डाव, सगळ्या वाकून पानात बघताहेत आणि एका सुरात म्हणताहेत, "एकच घास, राणी, माझ्यासाठी."

रेवती जवळ जाते. त्या सगळ्या बायकांना तिचाच चेहरा आहे.

"हटा!" काका गरजतात. "जेवणाऱ्याच्या पानात डोकावू नये, एवढंही कळत नाही?"

बायका पारव्यांसारख्या भर्रकन उडून जातात. काका बादली खाली ठेवतात, ऋजुताशेजारी मांडी ठोकतात आणि स्वतःच जेवायला लागतात. एका बैलानं वरातीत नवरदेवाच्या मुंडावळ्या कशा खाल्ल्या, ते हातवारे करून सांगतात. ऋजुता खुदकन हसते. रेवतीच्या पोटात आनंदाचं नुसतं कारंजं उसळतं. किती महिन्यांनी ऐकलं हे हसू!

काकांचं पान साफ झालं आहे. कडेला तेवढा साखरभाताचा एक घास.

"काका, तो घास राहिला."

"राहिला नाही, राखलाय. पंगतीत सावकाश जेवणारं एखादं असतंच. बाकीच्यांची पानं रिकामी दिसली, की त्याला कानकोंडं होतं. मग यजमानानं घास राखायचा. म्हणजे ते एकटं पडत नाही. अगं, आग्रह करायचा तो हसत जेवणाऱ्याला. कुणाचं जेवण अडलं, की मी बादली ठेवून शेजारी बसायचो."

"आणि तिनं नाहीच खाल्लं तर?"

"तर तूही उठायचं नाहीस. रडणं नाही, भांडणं नाही. डॉक्टर काय म्हणाले होते तुला?"

रेवतीला आत्ता आठवतं. "सोबत बसून जेवा, म्हणाले होते."

"आणि तू कधी जेवलीस?"

तिला आठवत नाही. "मला भीती वाटते, काका. बसले, तर कोसळेन."

"कोसळ की! बसलेलं माणूस पडून पडून किती पडणार?"

ती हसते आणि हसता हसता रडते. काका तो घास उचलून तिच्या हातावर ठेवतात. "घे. हा कुणासाठी राखला होता, वाटलं तुला?"

कुकर किंचाळतो.

रेवती दचकून जागी होते. फ्रिज गार, पाय भरून आलेले. कुकरमध्ये साधी मुगाची खिचडी. आणि तिच्या नखात अडकलंय एक केशरी शीत, लवंगेच्या वासाचं. या घरात साखरभात कित्येक महिन्यांत शिजलेला नाही! ती ते नख उजेडात धरून बघते आणि एकटीच हसत सुटते.

मग ती दोन ताटं वाढते.

ऋजुता टेबलाशी येऊन थबकते. "तू बसणार आहेस?"

"हो. भूक लागलीय मला."

रेवती बैलाची गोष्ट सांगते. ऋजुता हसत नाही. ताटाकडे बघत बसून राहते, बराच वेळ. रेवतीची खिचडी संपत येते. कडेला एक घास ठेवून ती थांबते. डाव ओट्यावरच आहे.

"आई, तुझा घास राहिलाय."

"असू दे. माझं जेवण चालू आहे अजून."

समोरून चमचा ताटाला लागल्याचा बारीक आवाज येतो. रेवती मान वर करत नाही. नखातल्या केशरी शिताकडे बघत राहते.