आरतीतला थांबा

संधिवाताने बाबांची बोटं आखडली आणि त्या वर्षी त्यांनी जाहीर करून टाकलं, की मी गणपतीत मंडळात येणार नाही. जयपूरच्या आमच्या मराठी मंडळात आरतीला पेटी वाजवायचे ते बाबाच. बाकीची कुटुंबं फौजेतली नाहीतर बँकेतली. तीन वर्षं झाली की सामान बांधून पुढच्या गावी. आम्हीच तेवढे विम्याच्या नोकरीला चिकटून वीस वर्षं इथे राहिलो, त्यामुळे पेटीही राहिली.

"नुसतं बसून टाळ्या वाजवा की," आई म्हणाली.

"टाळ्या वाजवायलेही बोटंच लागतात," बाबा म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. ते वर्ध्याचे. रागावले की त्यांची वऱ्हाडी आणखी घट्ट व्हायची.

मला त्यांचा भयंकर राग आला. माणसाने आजारी पडावं, पण असं स्वतःला निकालात काढू नये. आणि राग आला की मी काहीतरी उपद्व्याप करते, ही माझी जुनी खोड. तेव्हा मी एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. भावाने परदेशातून येताना टीव्हीला जोडायचा एक कॉम्प्युटर आणला होता आणि त्याबरोबर आवाज टिपणारी एक छोटी डबी. पेटीचा एकेक सूर त्या डबीतून कॉम्प्युटरच्या पोटात साठवायचा, मग कुठला सूर कधी आणि किती वेळ वाजवायचा ते आकड्यांत लिहून द्यायचं. म्हटलं, बाबांची पेटी बाबांशिवाय वाजली, तर निदान ती ऐकायला तरी ते येतील.

एका रविवारी दुपारी कूलर बंद, पंखा बंद, खिडक्या बंद. आई भाता हलवत होती, मी एकेक पट्टी दाबत होते आणि दोघींच्या अंगातून घामाच्या धारा. सा, रे, ग, म छान उतरले. पंचम धरला आणि बाहेर कुंपणावर मोर ओरडला. पुन्हा घेतला, पुन्हा ओरडला. तिसऱ्यांदा आईने खिडकी उघडून त्याला "भैया, जरा चुप हो जा" असं सांगितलं आणि तो खरंच उडून गेला. सूर साठवल्यावर मी त्यांच्या मागची भात्याची फुसफूस काढून टाकली. सगळे सूर अगदी लख्ख केले आणि स्वतःवर खूश झाले.

आरतीची सरगम वहीत लिहिलेली होती. ती मात्रा मोजून आकड्यांत घातली आणि वाजवली. आतल्या खोलीतून बाबांचा आवाज आला, "हे पेटी वाजवून राह्यलं का हजेरी घेऊन राह्यलं?"

लागलं मला, पण खरंच होतं. प्रत्येक सूर सारख्या जोराचा, ठरल्या क्षणी हजर. मग मी कॉम्प्युटरला सांगितलं, की मनाला येईल तसा प्रत्येक सूर थोडा पुढेमागे कर. माणूस कुठे इतका काटेकोर असतो?

"आता पिऊन आलं," बाबा म्हणाले.

"मग तुम्हीच सांगा ना काय कमी आहे ते!"

"मले वाजवता येत होतं. सांगता नाही येत."

सांगितलं ते आईने. इतकी वर्षं स्वयंपाकघरातून ती पेटी ऐकत आली होती. "ते ना, ओळीचा शेवटचा सूर टाकून नाही देत," ती पोळी लाटता लाटता म्हणाली. "मतलब, खाली ठेवतात. उतू आलेलं दुधाचं पातेलं उतरवावं तसा." मी शेवटचे सूर हळूहळू बारीक केले. चढत्या जागी सूर किंचित लवकर आणले, उतरत्या जागी रेंगाळू दिले. चार दिवस आई एकच कडवं पुन्हा पुन्हा ऐकत होती आणि मी आकडे बदलत होते. शेवटी एकदा बाबा काहीच बोलले नाहीत. आमच्या घरात याला शाबासकी म्हणतात.

गणपतीच्या पहिल्या दिवशी संध्याकाळी आई त्यांना हाताला धरून घेऊनच आली. आरती सिव्हिल लाइन्समधल्या एका साहेबांच्या बंगल्यात होती. बाबा मुद्दाम सगळ्यांत मागे, चपलांच्या ढिगाजवळ बसले. मी टीव्ही, कॉम्प्युटर, स्पीकर मांडले. झांजा घेऊन कर्नलकाका उभे, हातात निरांजनाचं ताट घेऊन आई उभी. मी बटण दाबलं.

पहिलं कडवं असं रंगलं, की माझा ऊर भरून आला. कडवं संपलं आणि नेहमीप्रमाणे सगळं मंडळ थांबलं. कॉम्प्युटर मात्र थांबला नाही. तो दुसऱ्या कडव्यात शिरला. लोक गडबडून मागे धावले, कर्नलकाकांची झांज एकदा पेटीबरोबर वाजली, एकदा लोकांबरोबर, मग नुसतीच वर राहिली. अर्धे लोक दुसऱ्या ओळीत, अर्धे पहिल्या. मशीन आपलं एकटंच पुढे चाललेलं. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

एवढ्यात चपलांच्या ढिगाजवळून हसू ऐकू आलं. बाबा हसत होते. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"अरे बाप्पा, तिथं थांबा नाहीच आहे!" ते म्हणाले. "माह्या पेटीचा भाता उंदरानं कुरतडला होता. कडवं झालं की हवा संपायची. ती भरेस्तोवर मी थांबत होतो."

वीस वर्षं मंडळात जो येईल तो तिथे भक्तिभावाने थांबत होता. एक काकू त्या थांब्यात डोळे मिटून नवस बोलायच्या, आणि नव्याने बदलून आलेल्यांना त्याच शिकवायच्या, की इथे मनातल्या मनात नमस्कार करायचा असतो. आमची शिकायला पुण्याला गेलेली मुलं तिकडच्या आरतीत मध्येच थांबायची आणि लोक त्यांच्याकडे बघायचे. मीसुद्धा जन्मभर थांबले होते, पण वहीत नव्हता म्हणून तो थांबा लिहायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. मग कोणीतरी हसलं आणि सगळा हॉल हसत सुटला.

दुसऱ्या दिवशी मी दोन सेकंदांचा थांबा घातला. भात्याची फुसफूसही परत आणली, कारण तिच्यावरूनच लोकांना कळायचं की आता सुरुवात होणार. तरी जमेना. त्या दिवशी दोन आजीबाई आल्या होत्या, त्यांचा श्वास दोन सेकंदांत पुरा होईना.

"थांबा मोजून नसते, पोरी," बाबा म्हणाले. "लोकाइकडं पाहून असते."

मग मी तेही करून टाकलं. कडवं संपलं की कॉम्प्युटर मुकाट्याने उभा राहील आणि कीबोर्डची खालची लांब पट्टी दाबल्याशिवाय हलणार नाही. ती पट्टी दाबायला एक बोट पुरतं, कितीही सुजलेलं असलं तरी.

तिसऱ्या दिवशी बाबा चपलांपासून उठून पुढे आले आणि टीव्हीशेजारी मांडी घालून बसले. कडवं संपलं. त्यांनी मान वर करून सगळ्यांकडे पाहिलं. आजींनी पदराने घाम टिपला, आईने ताट या हातातून त्या हातात घेतलं, नवसवाल्या काकूंनी डोळे उघडले. तेव्हा कुठे बाबांनी बोट टेकवलं. भाता फुसफुसला आणि अख्खं मंडळ एका श्वासात गाऊ लागलं. इतका आनंद मला त्याआधी कुठल्याच यंत्राने दिला नव्हता.

घरी परतताना मी म्हटलं, "आता तो भाता एकदा नीट करून घेऊ या."

"तो तं मी दहा वर्षांमागंच वर्ध्याहून शिवून आणला," बाबा म्हणाले.

मी रस्त्यातच उभी राहिले. "मग थांबत काहून होते?" माझ्याही तोंडून वऱ्हाडीच निघाली.

बाबांनी आपल्या वाकड्या बोटाकडे पाहिलं. "तुम्ही सारे थांबत होते ना," ते म्हणाले. "तुम्हाले टाकून मी एकटाच पुढं कसा जाऊ?"