एकट्याने आत जायचं नाही

आमचे हे भट्टीवाले. ब्रेड, बिस्किटं, टोस्ट. पण गेली काही वर्षं पिठात कमी आणि मंत्र्यांच्या दाराबाहेर जास्त असत. छोट्या बेकरीवाल्यांच्या संघटनेचे अध्यक्ष ना! पद मानाचं, पगार नाही, शिव्या मात्र फुकट.

मागणी एकच होती. लाकडाच्या भट्ट्या बंद करून विजेच्या बसवा, असा नियम येऊ घातला होता. धूर होतो हे आम्हालाही कळतं, तो आधी आमच्याच नाकात जातो. पण विजेची भट्टी काय झाडाला लागते? म्हणून पाच वर्षांची मुदत हवी होती. तेवढी मिळाली असती तर आमचं दुकान तगलं असतं. मोठ्या कारखान्यांना नियम उद्याच हवा होता. आम्ही बंद पडलो की गिऱ्हाईक त्यांचंच.

त्यांच्या वतीने एक पगारी माणूस तिथे बसायचा. ह्यांनी त्याचं नाव अत्तरवाला ठेवलं होतं, कारण वास आधी यायचा, माणूस मागून. तसा वाईट नव्हता. शिपायाच्या मुलीचा निकाल कधी आहे, हेसुद्धा त्याला पाठ असे. ह्यांना म्हणायचा, "काका, तुमचं बरंय. तुम्ही स्वतःसाठी ताटकळता, मी दुसऱ्यांसाठी." पहाटेपासून भट्टीपुढे उभे राहून हे दमलेले असत, तिथे बसल्या बसल्या डुलक्या घेत. नाव पुकारलं की अत्तरवालाच ह्यांना हलवून जागं करी.

संघटनेचा एक दंडक होता. साहेबांच्या खोलीत एकट्याने जायचं नाही, तिघांनी मिळून जायचं. आधीचे अध्यक्ष एकदा एकटेच आत गेले आणि बाहेर आले ते सरकारी दवाखान्यांना ब्रेड पुरवायचं कंत्राट खिशात घालून. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. हा दंडक घालून दिला होता ह्यांनीच.

त्या दिवशी तिघे सकाळपासून बसले होते. दुपारी बिस्किटवाल्या भाऊंना गोळी घ्यायची होती आणि वरच्या नळाला पाणी नव्हतं. भाऊंना एकट्याने जिना उतरवत नाही, म्हणून टोस्टवाले अण्णा त्यांच्यासोबत खाली गेले. नेमका तेव्हाच शिपाई आला.

"चला काका, साहेबांकडे पाच मिनिटं आहेत."

"आमचे दोघं खाली गेलेत. येतीलच आता."

"अहो, तुम्ही तर चला! साहेब निघायच्या घाईत आहेत."

"एकट्याला नाही येता येणार मला."

"जा हो काका," अत्तरवालासुद्धा म्हणाला, "मी कोणाला सांगणार नाही." हे जागचे हलले नाहीत. मग शिपायाने अत्तरवाल्यालाच आत घेतलं. भाऊ आणि अण्णा धापा टाकत वर आले, तोवर साहेबांची गाडी फाटकाबाहेर पडली होती.

नियम आला, मुदतीशिवाय. मी ह्यांना नको नको ते बोलले. आयुष्य भट्टीपुढे काढायचं आणि ऐन वेळी दारात अडून बसायचं! हे उठून भट्टीकडे गेले. मला वाईट वाटलं, पण समजूत काढायचंही त्राण माझ्यात उरलं नव्हतं.

मग संघटनेची सभा भरली. "गेला असतात आत, तर काय बिघडलं असतं?" एकाने विचारलं आणि सगळेच ह्यांच्यावर तुटून पडले. हे एकटे आत गेले असते तर ज्यांनी ह्यांना चोर ठरवलं असतं, तेच आज न गेल्याबद्दल फैलावर घेत होते.

सगळ्यांचं बोलून झाल्यावर हे उठले. "ठीक आहे. दंडक काढून टाकू. यापुढे जो कोणी अध्यक्ष असेल, त्याने खुशाल एकट्याने आत जावं. ज्यांना कबूल असेल त्यांनी हात वर करा."

भाऊंनी अण्णांकडे पाहिलं, अण्णांनी छताकडे. एकही हात वर झाला नाही. दुकान माझ्याही नावावर आहे, त्यामुळे मत मलाही आहे. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली, आणि हात मांडीवरच ठेवला.