अण्णांना पुरला तेवढा दम

अण्णा गेल्याची बातमी नौबादला, माझ्या सासरी, आली तेव्हा मी अंगणात ज्वारी वाळत घालत होते. ठाणाकुशनूरहून बिदरच्या बाजाराला आलेला आमच्या गावचा एक माणूस दारात उभा राहिला आणि पाणी मागायच्या आधीच म्हणाला, "गंगूबाई, गुरुजी गेले." आमच्या गावात गुरुजी म्हणजे एकच, माझे थोरले भाऊ. या गोष्टीला आता महिना होऊन गेला. बोलून दाखवायला मला कधी जमलं नाही, म्हणून या वहीत लिहून ठेवते. चौथीपर्यंतचं हे लिहिणंही त्यांनीच शिकवलेलं...

अण्णांना लहानपणापासून दमा होता. खळ्यावर रास चालू असली आणि भुसा घेऊन वारा गावाकडं फिरला, की घरात बसल्या जागी त्यांची छाती वाजायची. शेत त्यांच्याच्यानं होणारं नव्हतं. रझाकारी संपली, शाळेत उर्दूच्या जागी मराठी आली आणि अण्णांना नोकरी लागली, पण हंगामी. तपासणीच्या साहेबांचा शेरा बरा आला तरच ते कायम होणार होते. त्यात त्या वेळी खोकणारा माणूस दिसला की लोक क्षयच समजायचे. तेवढी शंका आली असती तरी लोकांनी लेकरं शाळेतून काढली असती. म्हणून अण्णा सकाळी अडुळशाचा काढा घेऊन निघायचे, फळा ओल्या फडक्यानं पुसायचे आणि खिडकीला पाठ लावून बसायचे. धडा ते चार ओळीच वाचायचे. आवाज थांबला की पुढची ओळ पोरांनी धरायची, एक थांबला की दुसऱ्यानं. आम्हाला वाटायचं, सगळ्याच शाळा अशा चालतात.

साहेब येणार त्याच्या आदल्या दिवशी अण्णा फळ्याकडं बघत म्हणाले, "उद्या माझ्या दुखण्याचं कुणी काही बोलू नका." आमच्याकडं तोंड करून त्यांना ते सांगवलं नाही.

साहेब मुंबई इलाख्यातून नवे आलेले होते. त्यांची मराठी आम्हाला पुस्तकातल्यासारखी वाटायची. पाढे झाले, कविता झाली, आणि त्यांचं बोट नेमकं कोपऱ्यात बसलेल्या माझ्याकडं आलं. मी वर्गात तोंड उघडायची नाही. पोरी मला मुकी म्हणायच्या.

"काय गं, गुरुजी तुम्हाला फार दम देतात का?"

आमच्याकडं रागावण्याला रागं भरणं म्हणतात. दम म्हणजे श्वास, आमच्या घरात तर दुसरं काहीच नाही. साहेबांनी विचारलंय म्हटल्यावर त्यांना अण्णांचं दुखणं ठाऊक असणारच, असं मला वाटलं.

"न्हाई साब," मी म्हणाले, "त्यांनाच पुरत न्हाई, आम्हाला कुठून देतील?"

मागं एक पोर हसलं आणि लगेच गप झालं. साहेब हसले नाहीत. त्यांनी अण्णांना पुस्तक दिलं आणि वाचायला सांगितलं. अण्णा उभे राहिले. चार ओळी झाल्या तरी थांबले नाहीत, पाचवी, सहावी... मानेच्या शिरा फुगल्या, छातीतली शिट्टी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू आली, आणि आवाज तुटला. तो तुटताच पुढच्या रांगेतल्या पोरीनं सातवी ओळ धरली. नेहमीसारखीच. तिच्यामागून दुसऱ्यानं, तिसऱ्यानं. धडा संपेपर्यंत साहेबांनी कुणाला थांबवलं नाही.

"क्षय न्हाई साहेब," अण्णा टेबलाला धरून म्हणाले, "दमा हाय. कुणाला लागत न्हाई."

साहेबांनी मान हलवली आणि शेरा लिहिला. ते गेल्यावर अण्णांनी तो आम्हालाच वाचायला दिला. 'शिक्षक कमी बोलतात. मुले उत्तम वाचतात.' पुढं काही महिन्यांनी कायम झाल्याचा कागद आला.

पण त्या दिवशी ते पुढचं कुणाला ठाऊक होतं? मी घरी येऊन कणगीमागं बसले होते. अण्णा आले, खाली टेकले.

"कामून रडायलीस?"

मी तोंड गुडघ्यांत घातलं.

"चार वर्षं झाली, बोल गंगू, बोल गंगू म्हणायलोय. आन् बोललीस ते नेमकं साहेबापुढं व्हय!" आणि हसता हसता त्यांना जी उबळ आली, ती वैनींनी गरम पाणी आणेपर्यंत थांबली नाही.

त्यांच्या तेराव्याला मी गावी गेले. वैनी म्हणाल्या, "चल, शाळेकडं जाऊन येऊ." शाळेच्या वाटेवर चढ आहे. अर्ध्या चढावर लिंबाखाली एक सपाट धोंडा दिसला, वर बसून बसून गुळगुळीत झालेला. वैनींनी सांगितलं, "आधी इथं आले की चपलेचा अंगठा बघायचं सोंग करायचे, कुणाला थांबल्यालं कळू नये म्हणून. तू साहेबाला सांगितलंस, अन् दुसऱ्या दिवसापासून सरळ बसायलेच की इथं! येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणायचे, 'जरा दम खातो, मग येतो.'"

इतकी वर्षं मी साहेबांपुढचं माझं ते वाक्य मनात लपवून ठेवलं होतं, अपराधासारखं... आणि अण्णा त्याच्यावर रोज बसत होते.

सरपणाची मोळी घेतलेली एक बाई वर आली. आम्हाला बघून ती थांबली नाही, पण म्हणाली, "बसा की गुरुजींच्या धोंड्यावर. समदेच बसतेत."

मला दम लागला नव्हता. तरी बसले.