सतरा नंबरची खोड

त्या गोदामातल्या प्रत्येक गाडीला एक खोड होती, आणि ती कुठल्याही कागदावर लिहिलेली नव्हती. चार नंबरचा हॉर्न डावीकडे वळताना आपोआप बोंबलायचा. नऊ नंबरचं मागचं दार लाथेशिवाय लागत नसे, आणि लाथही उजव्याच पायाची लागायची. अकरा नंबरच्या आरशात मागची गाडी हाताच्या अंतरावर दिसायची, खरी असायची कोपऱ्याच्याही पलीकडे. म्हणून किल्ली दुसऱ्याच्या हातात देताना गाडीची खोड सांगायची, असा ड्रायव्हरांचा आपसातला नेम होता. किल्ली घेणारा विचारायचा, "खोड काय?" आणि देणारा सांगायचा. एवढं दोन वाक्यांचं बोलणं, पण त्याच्यावर तिथल्या सगळ्या गाड्या चालत.

कागद होता, नाही असं नाही. रोज सकाळी गाडी काढण्याआधी एक तक्ता भरावा लागे. ब्रेक, दिवे, आरसे, कॅमेरा अशी अकरा कलमं आणि प्रत्येकापुढं 'ठीक' किंवा 'नादुरुस्त' असं लिहायचं. आता खरं सांगायचं तर 'नादुरुस्त' लिहिणारा माणूस तिथं औषधालाही उरला नव्हता. तसं लिहिलं की गाडी गॅरेजात जाणार, फेरी दुसऱ्याला मिळणार आणि आपण दिवसभर फाटके खोके चिकटवत बसणार. वर संध्याकाळी मिस्त्री गाडी होती तशी परत देऊन म्हणणार, "काही झालेलं नाही तिला. चालवून घ्या." हा मिस्त्री बहुधा स्वतःच्या लग्नातही हेच म्हणाला असावा. मग सगळेजण अकराच्या अकरा कलमांपुढं 'ठीक' लिहून मोकळे होत. शिडी तर अगदी सुबक अक्षरात.

शिडी म्हणजे सतरा नंबरचा ड्रायव्हर. उंची अशी की गोदामाच्या दारात अठरा वर्षं मान वाकवून शिरायचा, म्हणून हे नाव. घरी बायको आणि सासूबाई. स्वभावानं माणूस सरळ, दुकानदारांशी गोड, दारू नाही, भांडण नाही. फक्त एक होतं. राग आला की तो बोलून दाखवत नसे, मनात ठेवायचा, आणि ठेवलेला राग मुरत जायचा.

सतरा नंबरला दोन खोडी होत्या. पहिली सीटची. सीट एकदा पुढं ओढली की पान्हा घेऊन अर्धा तास झटल्याशिवाय मागं जात नसे. दुसरी महिन्याभरापासूनची, कॅमेऱ्याची. गाडी मागं घेताना तो अडकायचा. पडदा काळा पडला असता तर माणूस सावध तरी झाला असता. पण रिव्हर्स टाकल्याबरोबर जे पहिलं चित्र दिसेल तेच तो धरून बसायचा. अंगण तेव्हा मोकळं असेल तर नंतर हत्ती जरी येऊन उभा राहिला तरी पडद्यावर मोकळंच. डॅशबोर्डवर डाव्या अंगाला दोन थपडा मारल्या की चित्र हलायला लागे. शिडीच्या हाताला त्याची इतकी सवय झाली होती की थपडा मारल्याचं त्याला कळतही नसे.

कॅमेरे येण्यापूर्वी हे काम बासकाका करायचे. माल चढवायच्या धक्क्याला गाडी लावायची झाली की काका मागं उभे राहून हात हलवत ओरडायचे, "येऊ दे, येऊ दे, येऊ दे..." आणि नेमक्या जागेवर, "बास!" 'थांब' हा शब्द त्यांच्या तोंडून कधी कुणी ऐकला नाही. त्यांचा बास झाला की धक्का आणि गाडी यांच्यात बोटभर फट राहिलेली असायची. नव्या ड्रायव्हराला ते दमही द्यायचे, "अरे, बास म्हणतो ना! कान घरी ठेवून आलास का?" कॅमेरे बसले तसं त्यांना सांगण्यात आलं की आता मागं उभं राहायची गरज नाही, तुम्ही रिकामे खोके रचा. काका खोके रचू लागले. पण गाडी धक्क्याकडं वळली की हातातला खोका खाली ठेवून मागं जाऊन उभे राहत. सवयीला औषध नसतं.

दोन महिन्यांपूर्वी एक बदली ड्रायव्हर लागला. ज्याची सुट्टी असेल त्याची गाडी हा चालवणार. अंगानं लहानखुरा, बोलायला मोकळा. त्याचे पाय पोचायचे नाहीत म्हणून तो सीट पुढं ओढून घ्यायचा. पहिल्या खेपेला शिडीनं पान्हा घेऊन सीट मागं सारली. दुसऱ्या खेपेला पान्हा सापडला नाही, आणि अख्खा दिवस तो गुडघे स्टिअरिंगला घासत चालवत राहिला. संध्याकाळी गुडघ्यावर निळा डाग पडला होता. कॅमेरा तेव्हा अजून धड होता. त्याला एका शब्दानं सांगता आलं असतं. तो बोलला नाही.

नंतर सासूबाईंना डोळे दाखवायला न्यायचं म्हणून त्यानं एक दिवस रजा टाकली. आदल्या दिवशी संध्याकाळी किल्ल्यांच्या फळीपाशी बदली आला आणि रिवाजाप्रमाणं म्हणाला, "शिडीभाऊ, खोड काय?"

शिडीनं किल्ली त्याच्या तळहातावर ठेवली. कॅमेरा त्याच्या ओठांवर आला होता, हे त्याला पक्कं आठवतं. पण गुडघ्यावरचा तो निळा डागही आठवला.

"काही नाही," तो म्हणाला. "लोण्यासारखी चालते."

घरी जाताना त्याला हसूही आलं. उद्या धक्क्यापाशी गडी गोंधळेल, इकडे-तिकडे बघेल, चार माणसं हसतील, जिरेल थोडी. त्याला हवं होतं ते एवढंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी डोळ्यांच्या दवाखान्यात सासूबाई डोळ्यांत थेंब घालून डोळे मिटून बसल्या होत्या. तेवढ्यात नऊ नंबरच्या ड्रायव्हरचा फोन आला. बासकाका गेले. सतरा नंबर आणि धक्का यांच्यामध्ये सापडून गेले. धक्क्यावरच्या लोकांनी सांगितलं की काका तीनदा बास म्हणाले होते. गाडीच्या काचा वर होत्या, आणि बदली पडद्यावरच्या मोकळ्या अंगणाकडं बघत मागं येत राहिला.

"कुणाचा फोन?" सासूबाईंनी मिटल्या डोळ्यांनी विचारलं.

"कामावरचा," शिडी म्हणाला.

आठवड्याभरानं सतरा नंबर धुऊन-पुसून त्याच्याकडं परत आली. मिस्त्रीनं कुणी न सांगता नवा कॅमेरा बसवला होता. अठरा वर्षांत त्याच्या हातून झालेली ही पहिली तत्पर दुरुस्ती. चित्र आरशासारखं स्वच्छ. शिडीनं रिव्हर्स टाकला, पडद्यावर मोकळं अंगण दिसलं, आणि त्याच्या कानात आवाज आला, येऊ दे.

त्यानं ब्रेक दाबला. खाली उतरून मागं गेला. कुणी नव्हतं. परत बसला. येऊ दे, येऊ दे. आवाज अगदी नेहमीचा, जरा घोगरा, घाईत नसलेला. पुढचा शब्द कधी येतो म्हणून तो जीव मुठीत धरून मागं घेत राहिला, आणि तो शब्द येईना. शेवटी त्यानं धक्क्यापासून चार हातांवरच गाडी बंद केली. हमालांनी खोके तेवढं अंतर उचलून न्यायला लागले म्हणून त्याला शिव्या घातल्या. त्यानं ऐकून घेतल्या.

मग हे रोजचं झालं. दिवसात वीस दुकानं, वीस वेळा गाडी मागं घ्यायची, आणि वीसही वेळा तो आवाज. गल्लीत असो की बाजारात, भर दुपारी, चांगलं लख्ख ऊन पडलेलं असताना. त्याला पडद्यावर माणूस दिसला असता तर बरं वाटलं असतं. रिकामी जागा बघवत नव्हती. रिकामी दिसते म्हणजे तिथं कुणीतरी उभं आहे, असंच त्याचं मन म्हणे. तो उतरायचा, मागं जायचा, वाकून चाकांखाली बघायचा. फेरी लांबायला लागली, दुकानदार कटकट करायला लागले. घरी जेवून उठताना खुर्ची मागं सारायच्या आधीही तो मान वळवून बघू लागला.

"कोण आहे मागं?" एकदा बायकोनं विचारलं.

तेव्हा त्यानं तिला कॅमेऱ्याचं सांगितलं. महिनाभर माहीत होतं, आणि रोज 'ठीक' लिहीत होतो म्हणाला. किल्ली देतानाचं बोलणं मात्र सांगितलं नाही.

"त्या बदलीवरच्या पोराला काढणार म्हणे," ती म्हणाली. "त्याच्यावर केस पण होणार."

"मी बोललो तर माझी नोकरी जाईल."

"अहो, तुम्ही खुर्चीसुद्धा धड मागं घेत नाही. कसली नोकरी करताय?"

चौकशी गोदामाच्या वरच्या खोलीत झाली. बाहेरच्या बाकावर बदली बसला होता. गाल आत गेलेले, कपडे इस्त्रीचे, पाय जमिनीला पुरते टेकत नव्हते. शिडीला पाहून तो उठून उभा राहिला. आत एक साहेब होते, त्यांच्यापुढं महिन्याभराच्या तक्त्यांची चळत. सगळी शिडीच्या अक्षरातली.

"तुमच्या कागदांप्रमाणं कॅमेरा उत्तम होता," साहेब म्हणाले. "बदली ड्रायव्हर म्हणतो अडकला होता. आम्ही तपासला, चालतोय. म्हणजे त्यानं पाहिलंच नाही. बरोबर?"

एका 'हो'चं काम होतं. हो म्हणून जिना उतरला असता तर संध्याकाळी सतरा नंबर त्याचीच होती. खालून कुठली तरी गाडी मागं येत असल्याचा आवाज आला आणि शिडी त्या आवाजाकडं कान देऊन तसाच उभा राहिला.

"कॅमेरा नवा आहे, साहेब. जुना अडकायचा. मला माहीत होतं."

"मग हे कागद?"

"खोटे आहेत."

साहेबांनी चष्मा काढला. "किती?"

"कॅमेऱ्यापुरतं बोलायचं तर महिन्याभराचे. बाकी कलमांचं विचारू नका."

साहेब बराच वेळ लिहीत होते. मग मान वर न करता त्यांनी विचारलं, "बदली ड्रायव्हरला याची कल्पना दिली होतीत?"

"राहून गेलं," शिडी म्हणाला.

तिसऱ्या दिवशी निकाल लागला. बदलीला कामावर परत घेतलं. शिडीला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. आपल्या खणातलं सामान पिशवीत भरून तो फाटकाकडं निघाला. कानातला आवाज थांबेल असं त्याला वाटलं होतं, पण अंगणात एक गाडी वळली आणि तो आवाज होताच.

फाटकापाशी बदली धावत आला. त्यानं शिडीचे दोन्ही हात घट्ट धरले. डोळे भरून आले होते.

"शिडीभाऊ, तुम्ही देवमाणूस. घरी सगळ्यांनी सांगितलंय, तुमच्या पाया पडून ये म्हणून. दुसरा कोण असं करतो हो? स्वतःची भाकरी घालवून?"

शिडीनं हात सोडवायचा प्रयत्न केला. सुटेनात.

"तू मला विचारलं होतंस," तो म्हणाला. "खोड काय म्हणून."

"ते जाऊ द्या. घाईत माणूस विसरतो."

"विसरलो नव्हतो."

बदली तसाच हसऱ्या तोंडानं बघत राहिला. त्याला कळलं नव्हतं. शिडीला वाटलं, अजूनही गप्प बसता येईल, हा असाच हात धरून निरोप देईल, आणि मरेपर्यंत चांगलं बोलेल आपल्याबद्दल.

"ओठांवर आलं होतं माझ्या," तो म्हणाला. "मुद्दाम नाही सांगितलं. तू सीट पुढं ओढून ठेवायचास. माझे गुडघे लागायचे. त्याचा राग होता."

"सीट?" बदली म्हणाला.

"हो."

बदलीनं हात हळूच सोडले. अंगणात, धक्क्याकडं, रचलेल्या खोक्यांकडं एकदा बघितलं आणि मग खाली स्वतःच्या पायांकडं.

"मला सांगायचं ना, भाऊ," तो म्हणाला. "मी घरून पाठीला उशी आणली असती."