मलिहाबादला गेलेलं कार्ड

मलकापूर स्टेशनवर बाबांनी दोनदा विचारलं, "तिथे उतरवून घ्यायला कोण येणार?" दोन्ही वेळा मी तेच उत्तर दिलं. आमच्या घरातून शिकण्यासाठी एवढ्या लांब कोणी गेलं नव्हतं. बाबा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला आहेत आणि फार तर अकोल्यापर्यंत जाऊन आलेले. गाडी हलली तेव्हा ते खिडकीबरोबर चार पावलं चालले आणि मग उगाचच घड्याळाकडे बघत उभे राहिले.

मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. उन्हाळ्यातल्या प्रशिक्षणासाठी लखनौच्या मानक नगरमधल्या रेल्वेच्या एका संशोधन कार्यालयात मला जागा मिळाली होती. आमच्या कॉलेजच्या सरांचे वर्गमित्र तिथे इंजिनिअर आहेत. राहायचं त्यांच्याच घरी ठरलं होतं. चारबाग स्टेशनबाहेर आल्यावर मागे वळून मी घुमटांचा फोटो काढायला लागले, तर न्यायला आलेले ते इंजिनिअर काका म्हणाले, "आधी पाणी पी. स्टेशन कुठे जात नाही."

मानक नगर म्हणजे कडुनिंबाच्या झाडांखाली ओळीने बांधलेली सरकारी क्वार्टर्स आणि दुपारभर घरघरणारे कूलर. काकू अमरावतीच्या. त्यांचं वऱ्हाडी बोलणं ऐकून पहिल्याच संध्याकाळी मला घरी आल्यासारखं वाटलं, पण मध्येच त्या म्हणायच्या, "सब्जी काय करू? भिंडी चालते ना तुला?" आणि दारातल्या भाजीवाल्याला, "भैया, कल वाली तो बासी थी." त्यांची मुलगी ऋचा बारावीत आहे. आईने मराठीत विचारलेल्या प्रश्नाला ती हिंदीत उत्तर देते आणि यात काही वेगळं आहे हे तिच्या गावीही नाही.

एका रविवारी काकांनी आम्हाला मलिहाबादला नेलं. शहर मागे पडलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आमराया सुरू होतात. झाडं इतकी दाट की सावलीतून बाहेर आल्यावर डोळे मिटावे लागतात. काका दरवर्षी एकाच बागेतून दशहरी घेतात. त्या बागेच्या मालकांना सगळे चाचा म्हणतात. हिवाळ्यात त्यांचं हृदयाचं ऑपरेशन झालं होतं, तरी ते काठी टेकत आम्हाला पार बागेच्या टोकापर्यंत घेऊन गेले. लग्गीने (टोकाला जाळी लावलेला लांब बांबू) आंबे कसे उतरवतात ते त्यांनी दाखवलं. मी हौसेने उन्हात उभी राहून लग्गी चालवली आणि थोड्याच वेळात चक्कर येऊन खाली बसले.

पुढचं मला नीट आठवत नाही. चाची घरातून धावत आल्या, माझं डोकं मांडीवर घेतलं आणि पन्ना पाजला. म्हणजे आपलं पन्हंच, पण त्यात गुळाऐवजी पुदिना आणि भाजलेलं जिरं. "इतनी सी जान और इतना लंबा बाँस," त्या म्हणत होत्या. निघताना चाचांनी बाबांसाठी म्हणून आंब्यांची वेगळी पेटी बांधून दिली. मी फक्त ते झाडाखाली उभे असताना त्यांचा एक फोटो काढला.

आभार मानायची आमच्या घरी सवय नाही. मी प्रयत्न केला तर शाळेच्या कार्यक्रमात आभारप्रदर्शन करतेय असं मलाच वाटतं. म्हणून ठरवलं, की कार्डं करायची. एका बाजूला फोटो, दुसऱ्या बाजूला चार ओळी आणि पत्ता. एक चाचांना, एक काका-काकूंना, एक सरांना, एक आई-बाबांना. हे काम मला येतं. मलकापुरात माझ्या मामेभावाचं फ्लेक्सचं दुकान आहे. सुट्टीत मी तिथे कॉम्प्युटरवर बसून बॅनर करते.

ऋचाच्या लॅपटॉपवर मी कामाला लागले. वाढदिवसाच्या बॅनरमध्ये असतात तसे मुकुट, सिंह, ठिणग्या मला आभारासाठी भडक वाटल्या. साधं, आदराचं काहीतरी हवं होतं. हाताच्या सवयीने मी चाचांचा फोटो मागच्या झाडापासून वेगळा केला, कृष्णधवल केला, लंबगोलात बसवला. कडेने पांढरी फुलं आणि खाली दोन समया लावल्या. हिंदीत लिहिलं, 'आपका स्नेह सदैव स्मरण में रहेगा.' बाकीची तिन्हीही तशीच केली.

"दीदी, बहुत क्लासी है," ऋचा म्हणाली.

आलमबागच्या बाजारात फोटो छापणाऱ्या दुकानात गेलो. दुकानदाराने विचारलं, मॅट की ग्लॉसी? मला चकचकीत आवडलं. घरी येऊन मागे लिहायला घेतलं तर पेनाची शाई कागदावर धरेना. पहिल्या कार्डावरची अक्षरं हाताने पुसली गेली, म्हणून ऋचाकडून जाड मार्कर घेतला. चाचांचं कार्ड आधी तयार झालं. तिकीट लावून मी ते दुसऱ्या दिवशी कार्यालयात जाता जाता टपालपेटीत टाकलं. फार दिवसांनी एखादं काम नीट केल्यासारखं वाटत होतं.

संध्याकाळी मी काकूंच्या हातात त्यांचं कार्ड दिलं. त्या कणीक मळत होत्या. पिठाच्या बोटांनी त्यांनी ते कडेला धरलं, बघितलं आणि मग माझ्याकडे बघितलं.

"अगं सुजाता, आम्ही गेलो का?"

मला काही कळेना.

"अहो, इकडे या. आपली श्रद्धांजली छापून आलीय."

काका आले. त्यांनी चष्मा लावला. "फोटो चांगला आहे," ते म्हणाले. "पण तू माझ्या आधी की मागून, तेवढं लिहायचं राहिलं."

तेव्हा मला दिसलं. लंबगोल, पांढरी फुलं, समया. मामेभावाच्या दुकानात सर्वांत जास्त वेळा मी हेच तर केलं होतं. कोणाच्या तरी घरचे लोक रडवेल्या चेहऱ्याने बाकावर बसलेले असायचे आणि मी फोटो कापून लंबगोलात बसवायचे. ऋचाला ते बॅनर माहीत नाहीत. काकूंना एका नजरेत कळलं. हसता हसता त्या थांबल्या.

"बाकीची कार्डं कुठे आहेत?"

"सरांचं आणि आई-बाबांचं माझ्याकडेच आहे. चाचांचं पेटीत टाकलं," मी म्हणाले.

कोणी हसलं नाही. काकांनी लगेच मलिहाबादला फोन लावला. लागला नाही. रात्री लावला, दुसऱ्या दिवशीही लावला. तोडणीच्या दिवसांत चाचांचा फोन घरी पडलेला असतो, असं काका म्हणाले, पण तेही माझ्याकडे न बघता. ऑपरेशन झालेल्या माणसाच्या हातात मी त्याची श्रद्धांजली पाठवली होती. कार्यालयात माझं काम बघणाऱ्या मॅडमनी एक तक्ता भरायला दिला, तो मी दोनदा चुकवला.

रविवारी आम्ही पुन्हा त्याच रस्त्याने निघालो. या वेळी मी आमराया बघितल्या नाहीत.

चाचा बाजेवर बसून पेट्यांत गवत पसरत होते. मला बघून म्हणाले, "आइए. आपकी डाक मिल गई." मी मान खाली घातली.

"बिटिया, पोस्टमैन साइकिल से उतरा ही नहीं. दूर से पूछता है, घर में सब ख़ैरियत? हमने कहा, लाओ भाई, हमारे नाम की है. तब उसने हमें ऊपर से नीचे तक देखा." ते हसले. "तस्वीर अच्छी है. बस, आपको जल्दी बहुत है."

मी माफी मागायला लागले. माझी हिंदी अशा वेळी आणखी बिघडते. आमच्याकडे बॅनर कसे असतात, माझी सवय कशी नडली, हे काकूंनीच सांगितलं. चाचा मान डोलावत ऐकत होते. चाची मात्र हसल्या नाहीत. त्यांनी आतून कार्ड आणलं. पिठाच्या डब्यामागे पालथं ठेवलं होतं.

"फूल-वूल तो ठीक हैं," त्या म्हणाल्या. "इसमें ये अकेले क्यों हैं? उस दिन तो तुम भी थीं, हम भी थे."

चारही कार्डांत मी कुठेच नव्हते. सरांच्या कार्डात सर, काकांच्या कार्डात काका-काकू. आभार मोठ्या माणसांचे, तर त्यात आपलं काय काम, असं मी धरून चालले होते.

"ये ले जाओ, दूसरा बनाओ," म्हणत चाचींनी कार्ड माझ्या हातात दिलं. मग ऋचाने मोबाइल धरला. चाचा मध्ये, एका बाजूला काका-काकू, दुसऱ्या बाजूला मी लग्गी घेऊन. चाची यायला तयार नव्हत्या. "हाथ आ जाए तो आ जाए, चेहरा नहीं." त्या झाडाच्या बुंध्याआड उभ्या राहिल्या आणि तिथून हात लांब करून माझ्या खांद्यावर ठेवला. चाचा काहीतरी पुटपुटले आणि आम्ही सगळे हसलो. तेवढ्यात ऋचाने फोटो काढला.

या वेळी मी काही कापलं नाही. रंग आहेत तसे ठेवले आणि कागद चकचकीत न घेता मॅट घेतला. मागे काय लिहू, असं विचारल्यावर काकू म्हणाल्या, "आभार-बिभार नको. काय खाल्लंस, प्यायलीस ते लिही." म्हणून चाचांच्या कार्डावर मी पन्ह्याबद्दल लिहिलं, आणि गावी जाऊन पुदिना घालून बघणार आहे हेही. काका-काकूंसाठी क्वार्टरच्या पायरीवर चौघांचा फोटो घेतला. सरांना आणि आई-बाबांना बागेतलाच पाठवला.

मी निघायच्या आदल्या दिवशी चाचांचा फोन आला. "आज पोस्टमैन साइकिल से उतरा," एवढंच त्यांनी सांगितलं.

पहिली पेटी मानक नगरातच पिकून संपली होती; मी दुसऱ्या खेपेचे आंबे घेऊन घरी पोहोचले, पण कार्ड अजून पोहोचायचं होतं. ते आलं तेव्हा मी दारातच होते. पोस्टमनने ते आईला दिलं. आई शाळेत फार गेलेली नाही. मागची बाजू तिने माझ्याकडे केली, मी वाचून दाखवली, मग तिने पुढची बाजू वर केली.

"हा हात कोणाचा?"

मी सांगितलं. चक्कर आली होती हेही पहिल्यांदाच सांगितलं. आईने त्या हातावर अंगठा फिरवला.

बाबा खिळा शोधायला उठले. आमच्या भिंतीवर आजी-आजोबांचे फोटो आहेत, हार घातलेले. आई म्हणाली, "तिथे नको." तिने कार्ड आरशाच्या चौकटीत खोचलं. आता रोज सकाळी वेणी घालताना ती तिथे उभी राहते. आरशात ती असते आणि शेजारी मी, खांद्यावर त्या बाईंचा हात घेऊन. मी आभार मानायला गेले होते. ते कसे मानतात हे मला अजून नीट येत नाही, पण फोटोतून स्वतःला वगळून मानता येत नाहीत, एवढं मलिहाबादला कळलं.