जाण्याचा सराव

आमच्या घरी कुठल्याही नव्या गोष्टीचा आधी सराव होतो. केस कापण्याचा झाला, शाळेचा झाला, रक्त तपासायला देण्याचाही झाला. मामाच्या मुलीच्या लग्नाआधी आईनं मला स्वयंपाकघरात उभं करून माझ्या अंगावर अक्षता टाकल्या होत्या, आणि लग्नात बँड असणार म्हणून दादा शेजारी पितळी ताट बडवत होता. मी लग्नात अजिबात रडले नाही. ताटाला मात्र अजून घाबरते.

ही पद्धत अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. कोल्हापूरजवळ कबनूरला आमच्या घराला लागूनच आमचे यंत्रमाग आहेत. "माग आधी हातानं फिरवून बघायचा, मग बटण दाबायचं," हे अण्णांचं आयुष्यातल्या सगळ्याच बाबतीतलं तत्त्व. मी पाच वर्षांची असताना डॉक्टरांनी मी स्वमग्न असल्याचं सांगितलं आणि आईला त्याचा अर्थ बराच वेळ समजावला. अण्णांनी एवढंच विचारलं, "हिला काय काय सोसत न्हाय तेवढं सांगा. बाकीचं आमी बघतो की."

सोसत नसलेल्या गोष्टी पुष्कळ निघाल्या. कुकरची शिट्टी, फुगे, पाठीवरून हलकेच फिरवलेला हात. हात ठेवायचा तर घट्ट दाबून ठेवावा, नाहीतर ठेवूच नये. मागांची खडखड मात्र मला कधीच बोचली नाही. लोकांना हे खरं वाटत नाही, पण माग एका लयीत बोलतात आणि मध्येच "काय गं, ओळखलंस का?" म्हणून गालाला हात लावत नाहीत.

सगळ्यात वाईट म्हणजे खाण्याचा आवाज. आणि अण्णांचा भुरका तर नामांकित! कोल्हापूरकडचा माणूस आमटी पितो ते शेजाऱ्याला कळतं. अण्णा पितात ते पलीकडच्या गल्लीला कळायचं. लहानपणी तो आवाज ऐकला की मी ताट सोडून भिंतीवर डोकं आपटायची. मग कधीतरी अण्णा आमटीची वाटी उचलून मागांच्या शेडमध्ये जाऊन बसायला लागले. पुष्कळ वर्षं मला वाटायचं, त्यांना तिथंच खायला आवडतं. मोठेपणी दादानं सांगितलं, "खुळे, तिथं भुरका मारला तरी कुणाला ऐकू येत न्हाय म्हणून जात्यात." अशा वेळी काय बोलतात याचा सराव आम्ही केलेला नव्हता.

प्रत्येक सरावानंतर घरी हुग्गी व्हायची. हुग्गी म्हणजे खपली गव्हाची गूळ घातलेली खीर, वर तुपाची धार. आई आदल्या रात्रीच गहू भिजत घालायची. भिजलेला गहू दिसला की मला कळायचं, उद्या काहीतरी अवघड आहे, पण त्याच्या शेवटी हुग्गी आहे. अवघड गोष्ट पार पडायची ती या भरवशावर.

मग मला नोकरी लागली, तीही कोइमतूरला, एका गिरणीच्या कापड तपासायच्या प्रयोगशाळेत. मला ती हवी होती. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला अशा कामासाठी बोलावत होतं, ज्यात दिवसभर कापडाकडे टक लावून बघितलं तर कुणी नावं ठेवणार नव्हतं. आत्या म्हणाली, "तसल्या पोरीला एकटी एवढ्या लांब धाडतासा?" आई उसळली, "तसली म्हंजे कसली? आमची हाय ती." आत्या चहा न घेताच गेली. पण ती गेल्यावर आई ओट्यापाशी किती तरी वेळ नुसतीच उभी होती.

अण्णांनी लगेच सराव लावला. रविवारी चौघांनी बॅगेसकट कोल्हापूर स्टेशनला जायचं, फलाटावर उभं राहायचं, माझी गाडी सुटताना बघायची आणि जेवायला घरी परत. निरोपाचंही ठरलं होतं. आईनं माझे दोन्ही खांदे एकदा घट्ट दाबायचे आणि सोडायचे. रडायचं नाही, कारण कुणी रडायला लागलं की मला काय करावं ते सुचत नाही.

दादा सहप्रवासी व्हायचा. बाकड्यावर मला खेटून बसायचा आणि विचारायचा, "काय पावणं, कुठवर?" मी म्हणायचं, "कोइमतूर. मला बोलायला आवडत नाही, राग मानू नका." एकदा तो म्हणाला, "मानला राग. आता?" मी बंदच पडले. मग घरी येऊन त्याचाही सराव केला.

दर खेपेला आई काहीतरी चूक काढायची. आज बॅगच जड झालती, आज पाण्याची बाटली इसरलो, पुढच्या रविवारी अजून एकदा करू. शेवटच्या सरावाला तर मी खरंच गाडीत बसले आणि वाटेतल्या हातकणंगल्याला उतरले. दादा मोटारसायकल घेऊन उभा होता. घरी हुग्गी तयार होती. अण्णा वाटी घेऊन शेडकडे जाता जाता म्हणाले, "झालं. आता बटण दाबायचं."

जाण्याच्या दिवशी सगळं ठरल्याप्रमाणे झालं. आईनं खांदे दाबले, सोडले. ती रडली नाही, नुसती नाक ओढत होती, आणि त्याला मी हरकत घेतली नाही. गाडी सुटली. समोरच्या बाईंनी विचारलं, मी माझं वाक्य म्हटलं, त्यांनी मला एक पेरू दिला आणि त्या खिडकीबाहेर बघत बसल्या. मला वाटलं, आपण जिंकलो.

हातकणंगले गेलं, मिरज गेलं, कृष्णेचा पूल गेला. मग जेवायची वेळ झाली. डबा उघडला आणि तसाच बंद केला. आणि एकदम कळलं की माझं सगळं शरीर हुग्गीची वाट बघतंय. अवघड गोष्ट तर झाली होती. आता घर यायला हवं होतं. ते येत नव्हतं, उलट मागं मागं चाललं होतं. कानांवर ओढणी गच्च गुंडाळली तरी पंख्याचा आवाज आत येतच राहिला. मी सीटखालून बॅग ओढून काढली. पुढचं स्टेशन घटप्रभा होतं. तिथं उतरायचं आणि मिळेल त्या गाडीनं परत जायचं, नोकरी गेली खड्ड्यात, असं मी ठरवूनच टाकलं आणि घरी फोन लावला.

फोन आईनं उचलला. मी म्हटलं, "आई, हुग्गी."

ती म्हणाली, "केलीया गं. रात्री हात आपसूक गव्हाच्या डब्याकडंच गेला. आता चार ताटं वाढून बसलोय बघ, आणि कुणाच्याच हाताला घास उचलंना."

आणि ती रडायला लागली. अण्णांनी फोन घेतला. "बाळ, चूक आपलीच हाय. दर खेपेला तुला घरी घिऊन आलो. जायाचा म्हणून सराव केला, आणि शिकिवलं काय, तर परत यायला." मग त्यांनी विचारलं, "उतरावं वाटतंय व्हय?"

"हो."

"उतर मग. दादा गाडी घिऊन येईल. कोण काय बोलणार न्हाय तुला."

ते मनापासून म्हणत होते. मला माणसांच्या बोलण्यातलं आतलं-बाहेरचं कळत नाही, पण अण्णांच्या बोलण्यात दोन थर नसतातच. मी उतरले असते तर त्यांनी खरंच कधी विषय काढला नसता. माझी वाटी मला दिली असती आणि आपली घेऊन शेडमध्ये गेले असते.

मी विचारलं, "अण्णा, तुम्ही कुठं बसलाय?"

"घरातच. का गं?"

"हुग्गी खावा. भुरका मारून."

"नको बाळ. तुला सोसत न्हाय."

"मारा."

फोनमधून मागांची खडखड येत होती. मग तो आवाज आला, लांबलचक, ओला, पलीकडच्या गल्लीला कळेल असा. माझ्या अंगावर लहानपणीसारखाच काटा आला. दात आवळले, डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. पण कानावरचा फोन मी काढला नाही. त्या आवाजात आमचं सगळं घर होतं, आणि इतकी वर्षं ते माझ्यासाठी उठून बाहेर जात होतं.

गाडी घटप्रभेला थांबली. समोरच्या बाईंनी माझ्या बॅगेकडे बघून विचारलं, "उतरायचंय का?" मी मान हलवून नाही म्हटलं आणि पायानं बॅग सीटखाली सरकवली.

गाडी हलली, तेव्हा मी फोनमध्ये म्हणाले, "अण्णा, अजून एक."